रेडिओची शेपटी

जुन्या वस्तू सांभाळणाऱ्या घराला एक सोय असते. वस्तू म्हातारी झाली, तरी ती कुणाच्या अध्यात-मध्यात येत नाही. आजीच्या वेळचा तांब्याचा बंब फार तर गळू लागतो. पणजोबांचे लंबकाचे घड्याळ दिवसाकाठी सात मिनिटे मागे पडते आणि आपणही त्याच्याकडे पाहताना मनातल्या मनात सात मिनिटे मिळवतो. चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली, तर तो निमूट बसून राहतो. या साऱ्या वस्तू आपापल्या बळावर जगतात आणि आपापल्या बळावर थकतात.

रेडिओचे तसे नाही. त्याला एक शेपटी असते आणि ती भिंतीत खुपसल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. रेडिओ सत्तर वर्षांचा झाला, त्याची शेपटीही सत्तर वर्षांची झाली. पण भिंतीतली वीज मात्र म्हातारी झालेली नसते. ती आज सकाळचीच, ताजी, पुरत्या २३० व्होल्टांची असते. एवढ्या तरण्या जोराला एवढ्या थकल्या शेपटीच्या हवाली करायचे, यात काही धोका असेल असे आपल्या मनातही येत नाही.

मला जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्याचा नाद आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे रेडिओ खाली येतात आणि ओळखीपाळखीतून त्यांतले चार-दोन माझ्या टेबलावर येऊन बसतात. आणणारा माणूस अंगणातल्या पाहुण्यासारखा अवघडून उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, "वाजेल का हो?" आजवर एकानेही मला "चावेल का हो?" असे विचारलेले नाही. खरे म्हणजे पहिला प्रश्न तोच असायला हवा.

याला कारण आहे. रेडिओ हा आपल्या घरांत यंत्र म्हणून कधी आलाच नाही. तो आला तो पाहुणा म्हणून आणि राहिला तो वडीलधारा म्हणून. त्याच्यासाठी उंच फळी, फळीवर विणलेला रुमाल, वर कापडी झूल. घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार एरियल आणि दरसाल पोस्टात भरायचे त्याचे लायसन! १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री त्याच्याभोवती तरुण मंडळी जमू लागली. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण सुरू झाले, तेव्हा तर काही घरांत रेडिओला हार घालून उदबत्ती लावली जाई. ज्याला हार घातला, त्याच्या अंगात वीज खेळते आहे की नाही हे टेस्टर लावून कोण पाहणार?

तेव्हा आधी शेपटीचीच ओळख करून घेऊ.

त्या काळची रेडिओची वायर म्हणजे दोन तारांचा पीळ. आत तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा, त्यावर रबर, रबरावर सुती किंवा रेशमी विणीचे वेष्टन. दिसायला मोठी देखणी. पण रबर हा पदार्थ हवेने आणि उष्णतेने वाळतो. आधी ताठ होतो, मग त्याला भेगा पडतात आणि शेवटी वायर वाकवली की आतल्या आत त्याचा भुगा होतो. वरचे सुती वेष्टन मात्र शाबूत असते, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही. बोटाने ती वायर हळूच वाकवून पाहिली आणि आत बाजरीचे दाणे चिरडल्यासारखे वाटले, की समजावे, दोन नंग्या तारा केवळ एका कापडाच्या लाजेने एकमेकींपासून दूर आहेत. सर्वांत आधी ती मोडते रेडिओच्या पोटात शिरते तिथे, कारण व्हॉल्व्हची उष्णताही तिथेच आणि पत्र्याच्या भोकाची धारही तिथेच.

शेपटीच्या टोकाला दोन पिनांचा प्लग. तो सुलटाही बसतो आणि उलटाही बसतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

आणि या साऱ्या व्यवस्थेत बहुतेक सेटांत फ्यूज नावाची वस्तूच नसते. असा रेडिओ खातो सुमारे ४० वॅट, म्हणजे एका अँपिअरचा पाचवा हिस्सादेखील नव्हे. आणि घराच्या पाटीवरचा स्विच उडतो तो ६ अँपिअर ओलांडल्यावर. मध्ये केवढी तरी जागा मोकळी राहते! तेवढ्या जागेत रेडिओचा ट्रान्सफॉर्मर सावकाश जळून, लाकडी पेटी पेटू शकते आणि घराच्या स्विचला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता रेडिओंच्या दोन जाती सांगतो. हे जरा किचकट आहे. पण शाळेतल्या मुलालाही समजेल असे आहे आणि ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याने ते समजून घेणे बरे.

पहिली जात ट्रान्सफॉर्मरवाल्यांची. यात घरातली वीज ट्रान्सफॉर्मरच्या एका गुंडाळीत येते आणि रेडिओला लागणारी वीज दुसऱ्या गुंडाळीतून निघते. दोहोंमध्ये तारेचा संबंध नाही. संबंध केवळ चुंबकाचा. म्हणजे शेजारणीने भिंतीवरून वाटी द्यावी, पण दार उघडू नये, तसे. अशा रेडिओची चॅसी, म्हणजे ज्यावर सारे भाग बसवलेले असतात तो पत्र्याचा सांगाडा, भिंतीतल्या विजेपासून अलग असते.

दुसरी जात एसी-डीसी सेटांची. त्या काळी कलकत्त्याच्या काही भागांत आणि आणखीही काही ठिकाणी घरांना डीसी वीज मिळे आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून दोन्ही विजांवर चालणारे, ट्रान्सफॉर्मर नसलेले सेट निघाले. ते हलके आणि स्वस्त पडत, त्यामुळे जिथे डीसी नव्हती तिथेही खपले. यांची युक्ती अशी : पाचही व्हॉल्व्हच्या दिव्यांच्या तारा एकापुढे एक माळेसारख्या जोडायच्या. १९५० च्या सुमाराच्या एका नेहमीच्या संचात त्या व्हॉल्व्हना १४, १२.६, १४, ४५ आणि ३१ व्होल्ट लागत. बेरीज ११६.६. उरलेले ११३ व्होल्ट एका जाड रेझिस्टरमध्ये उष्णता करून घालवायचे. आणि माळेचे एक टोक? ते चॅसीला. म्हणजे भिंतीतल्या दोन तारांपैकी एक तार सरळ रेडिओच्या सांगाड्याला जोडलेली! ती न्यूट्रल असली तर ठीक. फेज असली तर तो सगळा सांगाडाच जिवंत. आणि ती कुठली असेल, ते प्लग आज सुलटा बसला की उलटा यावर.

हे बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. चांगले ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी पेटी लाकडाची किंवा बेकेलाइटची केली, मागे पुठ्ठ्याचे झाकण लावले, बटणे बेकेलाइटची ठेवली. बटण दांड्यावर आवळणारा बारीक स्क्रूसुद्धा आत दडवून त्याच्या भोकात मेण भरले जाई, कारण तो स्क्रू दांड्याला टेकतो, दांडा चॅसीला टेकतो आणि चॅसी फेजला. एरियल आणि अर्थची भोके कंडेन्सरमधून आत जोडली. सारा बंदोबस्त चोख होता. फक्त एक अट होती : यातले काहीही हरवता कामा नये, फुटता कामा नये, वाळता कामा नये. सत्तर वर्षांत आपल्या घरांत काय काय हरवते, फुटते आणि वाळते, ते मी वाचकांना सांगायला नको.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तीन आठवडे, पुण्याहून आमच्या व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या वडिलांचा रेडिओ माळ्यावरून काढला होता. पाडव्याला तो बैठकीत वाजवायचा, असा त्यांचा बेत. "नवी मंडळी फोनवरून गाणी लावतील, आवाज मात्र आमच्या बाबांच्या रेडिओतून येईल!" ते म्हणाले. नातवाचे म्हणे सगळे ठरले होते. रेडिओच्या मागे 'पिकअप' असे लिहिलेली दोन भोके होती, पूर्वी ग्रामोफोन जोडण्यासाठी ठेवलेली. त्यांत फोनची वायर कशी जोडायची हे त्याने कुठेतरी पाहून ठेवले होते. हा नातू जसा त्यांचा तसाच माझा. वय वर्षे अकरा. मी म्हटले, "मी येईपर्यंत प्लग लावू नका." व्याही हसले. पण व्याह्यांचे ऐकावे लागते. त्यांनी लावला नाही.

मी गेलो तेव्हा रेडिओ पुसूनपासून टेबलावर मांडला होता. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हे. तिने मेण भरून दिले होते. मागचे पुठ्ठ्याचे झाकण कधीच नाहीसे झालेले. स्टेशन फिरवायचे बटण फुटलेले आणि त्या जागी लोखंडी दांडा उघडा. आत डोकावलो तर ट्रान्सफॉर्मर नाही, पाच व्हॉल्व्ह आणि एक जाड रेझिस्टर. एसी-डीसी जात.

सोबत नेलेली नवी वायर तात्पुरती जोडून, मध्ये ६० वॅटचा दिवा घालून मी वीज दिली. जुना सेट पहिल्यांदा लावताना सिरीजमध्ये असा दिवा घालावा. आत कुठे शॉर्ट असेल, तर रेडिओ जळण्याऐवजी दिवा भगभगतो. दिवा मंदच राहिला. मग त्या उघड्या दांड्याला टेस्टर लावला. काही नाही. व्याही विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहू लागले.

"आता बंद करतो," मी म्हटले आणि रेडिओचाच स्विच कट्‌कन बंद केला. पुन्हा टेस्टर लावला. टेस्टर लखलखला.

"हे काय? बंद केल्यावर?" व्याही पुढे सरसावले.

हाच या जातीचा सर्वांत वाईट खोडसाळपणा. रेडिओचा स्विच एकाच तारेत असतो. तो जर चॅसीकडच्या न्यूट्रलमध्ये असेल, तर स्विच बंद होताच चॅसीचा न्यूट्रलशी संबंध तुटतो. पण दुसरी तार, फेज, अजून जोडलेलीच असते आणि ती व्हॉल्व्हच्या दिव्यांच्या माळेतून चालत चॅसीपर्यंत येऊन बसते. वाजणारा रेडिओ गरीब आणि बंद केलेला रेडिओ चावरा! मग मी प्लग काढून उलटा लावला. आता रेडिओ चालू असतानाच दांडा जिवंत.

व्याह्यांना हे पटायला जड गेले. "अहो, माझ्या जन्मात या रेडिओने कुणाला बोट लावलं नाही," ते म्हणाले. "आई तर रोज लावायची. गीतरामायणाच्या वेळी मी सात वर्षांचा होतो. आई पाट मांडायची, पाटावर उभी राहायची आणि मग रेडिओ लावायची. एवढी भक्ती! पुढे बातम्या लावायच्या तरी पाटावर. रेडिओ तिला सोवळ्यातला वाटायचा."

स्वयंपाकघराच्या दारातून विहीणबाईंचा आवाज आला. "सोवळं नव्हे ते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'पाटाशिवाय याला हात लावायचा नाही. हा कधीमधी झिणझिण्या देतो. पुरुषांना सांगितलं तर म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ.'"

बैठकीत कुणी काही बोलले नाही.

मी मनाशी जुळवाजुळव केली. जुने घर, शहाबादी फरशी, पावसाळ्यात ओल धरणारी. अनवाणी पाय. फुटलेले बटण. दोन पिनांचा प्लग, जो झाडताना काढायचा आणि येईल तसा परत लावायचा. सुलटा लागला की झिणझिण्या नाहीत, उलटा लागला की आहेत. म्हणून तर 'कधीमधी'. म्हणून तर घरातल्या पुरुषांनी येऊन हात लावून पाहिला की काहीच नाही आणि त्यांच्या पायांत बहुधा चपलाही असणार. त्या बाईने विजेचे पुस्तक पाहिले नव्हते. पण कोरडे लाकूड आपल्याला आणि जमिनीला अलग ठेवते, एवढे तिने अनुभवाने शोधून काढले आणि वादात न पडता ते वर्षानुवर्षे पाळले. पुढच्या पिढीच्या सुनेला सांगूनही ठेवले. मुलगा मात्र त्याला भक्ती समजत राहिला.

झिणझिण्यांवर निभावले, हे नशीब. माणसाच्या अंगातून एका अँपिअरचा हजारावा भाग, म्हणजे एक मिलिअँपिअर गेला की कळू लागते. दहाच्या आसपास हाताची बोटे आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे आणि काही क्षण टिकून राहिला, तर हृदयाचा ठेका चुकू शकतो. ओले हात, ओली फरशी आणि २३० व्होल्ट यांना तीसचा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

आणि आता तर धोका वाढला आहे. पूर्वी रेडिओ फळीवर एकटा असे. आज त्याच्या 'पिकअप'मध्ये फोनची वायर खुपसली, तर वायरचे बाहेरचे धातूचे टोक चॅसीला लागते आणि चॅसीची वीज वायरीतून पोराच्या हातात, कदाचित कानात जाते. नातू एका कोपऱ्यात हातात ती वायर घेऊन उभा होता. त्याने ती हळूच खिशात घातली.

"मग काय करायचं? मोडीत द्यायचा?" व्याही म्हणाले. मोडीत द्यायचे कारण नाही, असे मी सांगितले आणि मग दोन दिवस आमचे काम चालले. काय केले ते क्रमाने सांगतो, कारण ज्यांच्या घरी असा सेट आहे त्यांना आपल्या मेकॅनिककडून काय मागावे हे कळेल. स्वतः पेचकस घेऊन बसू नये. प्लग काढल्यावरही आतले मोठे कंडेन्सर दोन-अडीचशे व्होल्ट धरून बसलेले असतात. ते आधी रेझिस्टरमधून रिकामे करावे लागतात आणि मीटरने खात्री करावी लागते. जाणत्याचेच ते काम.

पहिली गोष्ट, अलग करणारा ट्रान्सफॉर्मर. २३० व्होल्ट आत, २३० व्होल्टच बाहेर. पण दोन गुंडाळ्या संपूर्ण वेगळ्या. चाळीस वॅटच्या रेडिओला शंभर व्होल्ट-अँपिअरचा पुरतो. कंपनीने जे ट्रान्सफॉर्मर नसल्याने गमावले, ते बाहेरून भरून काढायचे. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तो मिळाला. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. दुकानात मात्र नीट सांगावे. डिमरस्टॅट किंवा साधा व्होल्टेज स्टॅबिलायझर या कामाचा नव्हे. त्यात बहुधा एकच गुंडाळी असते. व्होल्ट कमीजास्त होतात, पण भिंतीशी नाते तसेच राहते. आम्ही ट्रान्सफॉर्मर हवा खेळेल अशा लोखंडी पेटीत बसवला आणि रेडिओची वायर त्या पेटीत कायमची जोडली. मध्ये प्लग ठेवला नाही. प्लग ठेवला असता, तर उद्या कुणीतरी पेटी बाजूला सारून रेडिओ सरळ भिंतीत लावला असता.

दुसरी गोष्ट, शेपटी. भिंतीपासून पेटीपर्यंत तीन तारांची नवी वायर : तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. तीन पिनांचा प्लग, म्हणजे उलट-सुलटचा प्रश्नच मिटला. अर्थ पेटीच्या लोखंडाला. रेडिओच्या चॅसीला मात्र अर्थ जोडली नाही. हे फार जपायचे. एसी-डीसी सेटाला, ट्रान्सफॉर्मर न घालता, नुसती तीन पिनांची वायर लावून हिरवी तार चॅसीला जोडणारे हौशी लोक आहेत. घराच्या पॉइंटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असले, तर ते फेजच अर्थला जोडून मोकळे होतात. अर्थ वर धरून पॉइंटकडे पाहिले तर फेज उजव्या भोकात असायला हवी. जुन्या घरांत ती तिथे असेलच असे नाही. व्याह्यांच्या बैठकीतही ती डावीकडे होती. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती आधी उजवीकडे करून घेतली.

तिसरी गोष्ट, फ्यूज आणि स्विच. पेटीत शिरताच फेजमध्ये एक अँपिअरचा, उशिरा तुटणारा फ्यूज आणि रेडिओकडे जाताना अर्ध्या अँपिअरचा. त्यानंतर डबल पोल स्विच, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा. बंद म्हणजे बंद. वायर आत शिरते तिथे रबरी कडी आणि वायर घट्ट धरणारी पट्टी. हिरवी तार आत मुद्दाम बोटभर लांब ठेवली, म्हणजे कुणाच्या पायात वायर अडकून ओढली गेली, तर सुटताना ती सगळ्यात शेवटी सुटेल.

चौथी गोष्ट, कंडेन्सर. मेणकागदाचे जुने कंडेन्सर वयाबरोबर गळू लागतात. पाण्याचा नळ गळावा तशी त्यांतून वीज झिरपते. एरियलच्या भोकामागे आणि विजेच्या तारांना जोडलेले जेवढे होते, तेवढे काढून टाकले. त्यांच्या जागी सुरक्षेसाठीच बनवलेले घातले. याच्या दोन जाती : दोन तारांच्या मध्ये बसणारे 'एक्स' आणि तार व माणूस यांच्या मध्ये येणारे 'वाय'. 'वाय' जातीची बांधणी अशी, की बिघडला तरी तो शॉर्ट होऊ नये. एरियलमागे 'वाय'च हवा.

पाचवी गोष्ट साधी, पण तिच्यावाचून बाकीचे फुकट. फुटक्या बटणाच्या जागी नवे बटण, स्क्रूच्या भोकात मेण आणि मागे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याचे नवे झाकण, स्क्रूने घट्ट. 'पिकअप'ची भोके आतून तोडून बाहेरून बुजवली. ट्रान्सफॉर्मर घातल्यावर तिथली भीती पुष्कळ कमी झाली होती, पण अकरा वर्षांच्या कुतूहलाला मी फटीसुद्धा ठेवत नाही.

ट्रान्सफॉर्मरवाली पहिली जात ज्यांच्या घरी असेल, त्यांचे काम याहून सोपे आहे. तीन तारांची वायर, फ्यूज, डबल पोल स्विच आणि अर्थ सरळ चॅसीला. फक्त आधी पाहून घ्यावे, की ट्रान्सफॉर्मर खरोखर दोन गुंडाळ्यांचा आहे. काही सेटांत तोही एकाच गुंडाळीचा असतो आणि बाहेरून फसवतो. शिवाय विजेच्या तारेपासून चॅसीपर्यंत एक लहानसा कंडेन्सर घरघर कमी करण्यासाठी लावलेला असतो. ०.०१ मायक्रोफॅरडचा असला, तर तो धडधाकट असतानाही सुमारे ०.७ मिलिअँपिअर चॅसीवर सोडतो आणि गळू लागला म्हणजे किती, याला हिशेब नाही. तो काढावा किंवा 'वाय' जातीचा घालावा. मागे व्होल्टेज निवडण्याची चकती असेल, तर ती २३० ला किंवा त्याच्या लगतच्या वरच्या आकड्यावर ठेवावी.

घराच्या पाटीवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले असेल तर उत्तमच. ते विजेची चोरवाट पकडून क्षणात तोडते. पण अलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय चालले आहे, हे त्याला दिसत नाही. म्हणून 'आमच्याकडे आरसीसीबी आहे' म्हणून झाकण उघडे ठेवून चालत नाही.

हे सगळे व्याह्यांनी शेजारी बसून पाहिले. जुनी वायर कापताना मात्र त्यांच्याने राहवले नाही. "तेवढी राहू द्या की. बाबांच्या हातची आहे. ओरिजनल."

जुन्या वस्तूंच्या षौकिनांचा हा आवडता शब्द आहे आणि त्याच्याशी मी भांडत नाही. ओरिजनलला किंमत आहे. परंतु रेडिओचे ओरिजनल म्हणजे काय? त्याचा तो किंचित नाकातला, उबदार आवाज. काचेमागे उजळणारी पिवळी पट्टी आणि तिच्यावरची गावांची नावे. बटण फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबायला लावण्याचा त्याचा बाणेदारपणा. ते सारे जसेच्या तसे राखता येते. वायर मात्र कधीच ओरिजनल राहण्यासाठी केलेली नव्हती. ती सायकलच्या टायरसारखी झिजण्यासाठी केलेली होती. आजोबा असते तर त्यांनी दहा वर्षांतच ती बदलली असती. आपण ती राखतो, ती प्रेमाने नव्हे, त्यांच्यामागे कुणी लक्ष दिले नाही म्हणून.

तरीही मी जुनी वायर फेकली नाही. ती, दोन पिनांचा प्लग आणि काढलेले कंडेन्सर एका कापडी पिशवीत घालून, पिशवीला चिठ्ठी बांधून व्याह्यांच्या हाती दिली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला : कोणते भाग बदलले, कोणत्या साली, आणि खाली ठळक अक्षरांत, 'या सेटाची चॅसी विजेला जोडलेली आहे. बाहेरच्या पेटीशिवाय लावू नये.' आपल्यामागून हा रेडिओ कुणीतरी पुन्हा माळ्यावरून काढील. त्याला सांगायला आपण नसू. पाटाची गोष्ट एका सुनेने सांगितली म्हणून आम्हांला कळली. प्रत्येक घरात सांगणारे असतेच असे नाही.

वीज दिल्यावर मी पुन्हा टेस्टर लावला, मीटर लावला. चालू असताना, बंद असताना, बटणांवर, स्क्रूंवर, एरियलच्या भोकावर. मग व्याह्यांना म्हटले, "आता लावा." त्यांनी लावला. अर्धा मिनिट काहीच नाही. मग खोल विहिरीतून यावी तशी खरखर आली आणि मध्यम लहरींवर कुठलेसे केंद्र बोलू लागले. काय बोलत होते ते कुणी ऐकले नाही. व्याही चष्मा पुसत होते. फोनची वायर लावायला मिळाली नाही म्हणून रुसलेला नातू पिवळ्या पट्टीवरची गावे वाचू लागला आणि स्टेशन फिरवण्यात इतका रमला, की त्याला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. विहीणबाईंनी आतून एक जुना, शिसवी पाट आणला. वापरून वापरून मधे दोन पावलांएवढी जागा गुळगुळीत झालेली. मला वाटले, सवयीने त्या तो रेडिओपुढे मांडणार. पण त्यांनी तो बैठकीच्या मधोमध मांडला, भोवती रांगोळी काढली आणि व्याह्यांना म्हणाल्या, "बसा. ओवाळायचं आहे."